जुन्या मासिकांसाठी पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं: कोकणातल्या हवेत कितपत कामाची?

रत्नागिरी-मालवणकडे १९४६ पासूनचे ‘मार्ग’ किंवा साठच्या दशकातले ‘फेमिना’ सांभाळायचे तर पीव्हीसी या प्लास्टिकचं पाकीट नकोच. ते कालांतराने चिकट होतं आणि मुखपृष्ठाची शाई उचलतं. त्यामानाने पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची ही पाकिटं चोख: पारदर्शक, वास नाही, कडा सरळ. मापाची मात्र बोंब. ‘ए-४’ छापलेल्या पाकिटात जाड अंक कोंबला की कोपरे दुमडलेच म्हणून समजा. अंकाच्या रुंदीत जाडी मिळवा, वर १० मिमी सैल ठेवा. झाकणाला गोंदपट्टी असलेलं घेऊ नका, अंक काढताना मुखपृष्ठाचा पापुद्रा निघतो.

पावसाळ्यात पाकिटं भरू नयेत. कागदातला ओलावा आत कोंडतो, गुळगुळीत आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात. मग ओढली की छपाईसकट सुटतात. जानेवारीतला कोरडा दिवस बघा. गंजलेल्या पिना आधी काढा, जागी सुती दोरा घाला.

ओलावा शोषणारं सिलिका जेल पाकिटात नाही, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं. ओलाव्याने नारिंगी दाणे हिरवे झाले की वाळवायला ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास. कागद खाणारी कसर मात्र पाकिटाने थांबत नाही, तोंड उघडंच असतं.