"ताई, तपासणीची गरजच नाही"

दिवाळीच्या आधीचे वीस दिवस म्हणजे आम्हा शिलाईवाल्यांची लगीनघाईच. ब्लाउजचे ढीग पडलेले आणि मला मशीनवर सलग दहा मिनिटं बसवेना. खाज, आणि तीही अशा जागी की कुणापुढे बोलायची सोय नाही. लघवीला गेलं की आग व्हायची, अंगावरून फाटलेल्या दुधासारखं पांढरं जायचं. वास मात्र अजिबात नव्हता. हे वासाचं लक्षात ठेवा.

फेसबुकवर जाहिरात दिसली, "पांढरं पाणी जाणे, कायमचा इलाज, नाव गुप्त". मेसेज टाकला आणि पाच मिनिटांत एका बाईचा फोन. आवाज इतका मऊ, की माहेरचंच कुणी बोलतंय वाटावं. "ताई, तपासणीची गरजच नाही. उगाच टेबलावर झोपवतात बायकांना." मला नेमकं हेच ऐकायचं होतं. लगेच 2,800 रुपये पाठवले. यूपीआयवर नाव आलं ते कुठल्याशा पुरुषाचं. माझं बोट तिथेच थांबायला हवं होतं.

किटमध्ये एक फेसाळ वॉश, बिननावाच्या कॅप्सूल आणि एक ट्यूब. ट्यूब लावली आणि दोन दिवसांत खाज गायब! मी मनातल्या मनात त्या बाईला दुवा दिला. आठव्या दिवशी दुपटीने परत, आता तर कातडी सोलल्यासारखी झालेली. फोन केला तर म्हणते, "मुळापासून निघतंय ना, म्हणून वाढलंय." दुसरा कोर्स 4,500. मग तिसऱ्यांदा आवाज बदलला. "गर्भपिशवीला सूज आहे. दुर्लक्ष केलंत तर काढावी लागेल." न बघता, फोनवरून सूज कळली हिला!

पण मी हादरले. पिशवी काढायची भीती आपल्याकडे हवेतली नाही. 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. माझ्या मावसबहिणीचंही असंच, पांढरं जातंय म्हणून गेली आणि पिशवी देऊन आली. त्या भीतीपोटी आणखी 4,000 गेले. एकूण 11,300.

शेवटी जानेवारीत वन्संनी हाताला धरून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं. ज्या तपासणीला मी घाबरत होते ती तीन मिनिटांत उरकली. डॉक्टरबाईंनी स्राव एका कागदी पट्टीला लावला, थोडा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि म्हणाल्या, "बुरशी आहे. कॅन्डिडा. पिशवी ठणठणीत आहे तुमची." पातळ, राखाडी, मासळीसारख्या वासाचं पाणी असतं तर तो जिवाणूंचा आजार, त्याचं औषध वेगळं. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर तिसराच, त्यात नवऱ्यालाही गोळ्या लागतात. सगळ्याला लोक "पांढरं जाणं"च म्हणतात, आणि त्या फोनवालीकडे सगळ्याला एकच किट.

मी सोबतच्या थैलीतून ती किटमधली ट्यूब काढली. डॉक्टरबाईंनी नखाने लेबलचा कोपरा उचकटला. खाली दुसरं लेबल! बारीक अक्षरांत क्लोबेटासोल. जोरदार स्टेरॉइड. ते खाज आणि लाली दाबतं, म्हणून दोन दिवस बरं वाटतं; खाली बुरशीला रान मोकळं मिळतं. वॉशबद्दल त्यांनी नुसते हात जोडले. योनीमार्ग आतून आपोआप साफ राहतो, तिथल्या चांगल्या जिवाणूंमुळे तो आंबट असतो. आत साबण-वॉश घालून आपणच ते बिघडवतो.

मग विचारलं, "रात्री लघवीला कितीदा उठता?" तीनदा तरी. रक्त तपासलं, तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.1 टक्के. मला मधुमेह आहे हे असं कळलं. साखर वाढलेली असली की ही बुरशी पुन्हा पुन्हा होते. पैशांपेक्षा मला ते तीन महिने जास्त सलतात.

औषध म्हणाल तर फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या, तीन-तीन दिवसांनी एक, शिवाय रात्री आत ठेवायच्या गोळ्या. आणि साखरेची रोज. साध्या केसमध्ये एकाच गोळीत भागतं म्हणे, पण हे वाचून स्वतःच दुकानातून घेऊ नका. गरोदरपणात ती गोळी टाळतात.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे आले नाहीत, त्या फोनवालीचा नंबर बंद झाला.

ट्यूब मी मशीनच्या खणात बॉबिनशेजारी ठेवलीय. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक ब्लाउज घालून बघताना हळूच म्हणाली, "ताई, एक घरपोच किट मिळतं म्हणे..." मी खण उघडून उचकटलेलं लेबल दाखवलं. तिचा चेहराच उतरला. तिने पैसे आधीच भरले होते. सिव्हिलमध्ये सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे याच तक्रारीची तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. मंगळवारी तिच्यासोबत मी जातेय. ब्लाउज बुधवारी देईन म्हटलं.