ट्रिप्टिर: डोळ्याला 'गार पडलंय' असं सांगणारे थेंब

कोरड्या डोळ्यांसाठीचे बहुतेक थेंब एकतर बाहेरून ओलावा पुरवतात, नाहीतर दाह कमी करतात. अल्कॉन कंपनीचं ट्रिप्टिर (घटक अकोल्ट्रेमॉन, 0.003 टक्के) यातलं काहीच करत नाही. ते कॉर्नियातल्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातल्या, मज्जातंतूंना चक्क खोटं सांगतं, की डोळा गार पडलाय. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने त्याला मे 2025 मध्ये मंजुरी दिली. या वाटेने जाणारं हे पहिलंच औषध.

हे खोटं पचतं कसं? कॉर्नियाचा पृष्ठभाग साधारण 34 अंश सेल्सिअसला असतो. डोळे उघडे राहिले की अश्रूंचा थर उडू लागतो आणि हे तापमान किंचित घसरतं. तेवढी घसरणही मज्जातंतूंच्या टोकांवरच्या टीआरपीएम8 या आयन चॅनेलला (विद्युतभारित कण आत सोडणाऱ्या सूक्ष्म दाराला) पुरते. चॅनेल उघडतं, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत शिरतात, मेंदूकडे निरोप जातो आणि अश्रुग्रंथीला हुकूम सुटतो. हे चॅनेल नसलेल्या उंदरांमध्ये एरवी सतत पाझरणारे अश्रू कमी होतात, हे 2010 साली दिसून आलं. पुदिन्याचा गारवाही याच चॅनेलमुळे जाणवतो. अकोल्ट्रेमॉन पुदिन्यातल्या मेन्थॉलच्याच घराण्यातलं, पण नेम जास्त पक्का. मेन्थॉल टीआरपीए1 या झोंबणाऱ्या चॅनेललाही डिवचतं. त्यामुळे 'कूल' म्हणून विकले जाणारे मेन्थॉलचे थेंब आणि हे औषध एका पंगतीला बसवू नयेत.

आता आकडे. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि 5 मिनिटांत ती किती मिलीमीटर भिजली ते बघतात. 14व्या दिवशी ही ओल 10 मिलीमीटर किंवा त्याहून जास्त वाढलेले रुग्ण कॉमेट-2 चाचणीत 42.6 टक्के होते, औषध नसलेले थेंब घेणाऱ्यांत 8.2 टक्के. कॉमेट-3 मध्ये 53.2 विरुद्ध 14.4. फरक दमदार आहे, यात वाद नाही.

पण मोजलं गेलं ते पाणी. पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथी तुंबल्या असतील तर अश्रूंवर तेलाचा थर नीट बसत नाही आणि वाढलेलं पाणीही भराभर उडून जातं. अशांचा गरम शेक आणि पापण्यांची स्वच्छता ट्रिप्टिर घेऊनही सुटत नाही. (शेक चटका बसेल इतका नको. सुमारे 43 अंशांना टीआरपीव्ही1 उघडतं, म्हणजे मिरचीने पेटतं तेच चॅनेल.)

खरी कुरकुर झोंबण्याची. चाचण्यांमध्ये निम्म्या रुग्णांना थेंब पडताच डोळ्यात चुरचुरलं. गारव्याची अपेक्षा ठेवून कुपी उघडणाऱ्याला हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर दुसऱ्या दिवशी औषध कपाटात जातं.

मात्रा सोपी: प्रत्येक डोळ्यात एक थेंब, दिवसातून दोनदा, साधारण 12 तासांच्या अंतराने. खालची पापणी ओढून जो खळगा होतो त्यात थेंब सोडायचा. कुपीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. दुसरा थेंब टाकून फायदा नाही, खळग्यात तेवढी जागाच नसते, तो गालावर ओघळतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या आणि 15 मिनिटांनी परत लावायच्या. कुपी एकदाच वापरायची आहे. दोन्ही डोळे झाले की उरलेलं औषध टाकून द्यायचं. रात्रीसाठी जपून ठेवलेल्या उघड्या कुपीत जंतू शिरतात.

एका गटाने मात्र थेंब सुरू करण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं. डोळ्यातली नागीण किंवा जुना मधुमेह यांमुळे कॉर्नियाची संवेदनाच बोथट झाली असेल, तर निरोप नेणारी तारच तुटलेली असते. मग चॅनेल कितीही उघडलं तरी अश्रुग्रंथीपर्यंत काही पोचायचं नाही. कापसाच्या पिळलेल्या टोकाने कॉर्नियाला हलकेच स्पर्श करून हे मिनिटभरात तपासता येतं.