रथामागची दिंडी : सोय तीन तारे, संगत पाच

आळंदी ते पंढरपूर पायी वारीसाठी दिंडी शोधणारे बरेच जण असतात, म्हणून सविस्तर लिहिते. दिंडीचं नाव मुद्दाम देत नाही. तक्रारीही लिहायच्या आहेत आणि माणसं आपलीच आहेत. माऊलींच्या पालखीच्या रथामागे चालणाऱ्या दिंड्यांपैकी एक, मराठवाड्यातली, एवढं पुरे.

आधी सोयींचं उरकते. जेवण उत्तम. पिठलं-भाकरी, आमटी-भात, एकादशीला साबुदाण्याची खिचडी, आणि चहा मागाल तेव्हा. राहुटी मात्र गळकी. लोणंदला पाऊस आला तेव्हा रात्रभर कोपऱ्यात बसून काढली. अंघोळ पहाटे तीनला टँकरमागे, साड्यांचा आडोसा करून. फिरती शौचालयं मुक्कामाच्या गावी असतात, पण रांग लागायच्या आत उठायला हवं. सामानाच्या ट्रकमध्ये आपली पिशवी कायम तळाशीच सापडते. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाचे, पैसे आगाऊ घेतात, पावती देतात, हिशेबाबद्दल शंका नाही.

आता खरा मुद्दा. याच वाटेने मी आधी शहरातल्या एका हौशी ग्रुपबरोबरही चालले होते. सोय तिथे कितीतरी चांगली होती. रात्री लॉजवर गादी, गरम पाणी, सामान दारात. माणसंही चांगली, एकमेकांच्या पायाला बँडेज बांधणारी. पण दिवेघाट चढताना बोलणं कशाचं, तर किती पावलं झाली, बूट कुठल्या कंपनीचे, हडपसरला फ्लॅटचा भाव काय चाललाय. माऊलींची पालखी पुढे चाललेली आणि आमचा सगळा वेळ फोटोच्या जागा हेरण्यात. पंढरपूरला पोचले तेव्हा पाय दुखत होते, बाकी फारसं काही झालेलं नव्हतं.

दिंडीत असं बोलायला सवडच मिळत नाही. कोणी कोणाला उपदेश करत नाही, ओळच तशी बांधलेली असते. पुढे पताका, मग टाळकरी, मधे पखवाज, मागे वीणेकरी, त्यांच्या मागे तुळशी घेतलेल्या बायका. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, दुपारनंतर हरिपाठ. पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, आणि ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते, हे तिथली लष्करी शिस्त बघत चालताना पटतं. कर्णा म्हणजे तुतारीसारखं वाद्य; पहिला कर्णा झाला की आवरायचं, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. तुमचा मूड कोणी विचारत नाही.

माझ्या शेजारी परभणीकडच्या एक मावशी होत्या. पेरणी उरकून आलेल्या, अक्षरओळख नाही, हरिपाठ मात्र तोंडपाठ. मी पुस्तक उघडून चालायचे आणि ठेचकाळायचे. तिसऱ्या-चौथ्या मुक्कामानंतर त्यांनी पुस्तक माझ्या हातातून काढून स्वतःच्या पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "माऊली, कानानं धरा, पाय बघून टाका." पुढच्या चरणाचा पहिला शब्द त्या जरा आधी, जरा मोठ्याने म्हणायच्या, म्हणजे मला उचलता यावा. फलटणपर्यंत निम्मा हरिपाठ आपसूक यायला लागला. घरी हेच पुस्तक देव्हाऱ्यात कितीतरी वर्षं पडून होतं.

संगत म्हणजे सगळेच संत, असं समजून जाऊ नका. राहुटीत सुनांच्या तक्रारी रात्री उशिरापर्यंत चालायच्या आणि एक काकू असं घोरायच्या की देवा रे देवा. बायकांच्या हाती टाळ द्यायला दोघा-तिघा पुरुषांनी आढेवेढेही घेतले. याचा एक तारा मी कापणार होते. पण सुनांना नावं ठेवणारी तीच बाई पहाटे थंडीत काकड्याला माझ्या आधी उभी असायची. ती उभी आहे म्हटल्यावर आपल्याला पांघरुणात पडून राहवत नाही.

संध्याकाळची समाज आरती, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या पालखीभोवती जमून होणारी आरती, चुकवू नका. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदाराने हातातला चोप, म्हणजे दंड, उंचावला की एवढा समुदाय क्षणात गप्प होतो. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही; चोपदार जाऊन ऐकून घेतात, मगच सगळं शांत होतं. आमच्याही दिंडीने एकदा पाण्याच्या टँकरवरून असेच टाळ चालू ठेवले. भांडणसुद्धा टाळावर! हरवल्या-सापडल्याची यादीही तिथेच पुकारतात.

कोणी जाऊ नये? गुडघे जायबंदी असतील त्यांनी, स्वतंत्र खोलीशिवाय झोप येत नसेल त्यांनी, आणि ज्यांना मैत्रिणींच्या घोळक्यातच चालायचंय त्यांनी. घोळका करून गेलात तर घोळक्यातच राहाल. एकटीने जा, फार तर दोघी, आणि ओळीत वेगवेगळ्या उभ्या राहा.

नाव नोंदवायचं तर चैत्रातच विणेकऱ्यांना किंवा दिंडीप्रमुखांना गाठा. दोनच गोष्टी विचारा : वाटेत हरिपाठ सगळे मिळून म्हणतात का, आणि बायकांना टाळ मिळतात का. राहुटीचं कापड नवं आहे का, हे विचारून उपयोग नाही, सगळेच हो म्हणतात. प्लास्टिकची ताडपत्री आपली आपण न्या.