‘स्टेपनी एक्स्पायर झालीय’ म्हणत पिकअपच्या गळ्यात मारलेला कारचा टायर

पंक्चर काढायला पिकअप थांबली की काही टायरवाल्यांची नजर आधी चासीखाली जाते. स्टेपनी खाली घेतात, अंगठ्यानं रबर दाबून बघतात आणि मग ठरलेलं वाक्य येतं: “मालक, ही एक्स्पायर झालीय. हिच्यावर माल भरून निघालात तर घाटात फुटेल.” मालकानं ती स्टेपनी वर्षभरात पाहिलेलीही नसते. चिखल, डिझेल आणि सायलेन्सरची धग खाऊन ती दिसतेही तशीच, त्यामुळे मान डोलावली जाते. पुढचा सगळा खेळ या मान डोलावण्यावर चालतो.

भाजी वाहणाऱ्या एका पिकअपचं ताजं प्रकरण बघण्यासारखं आहे. मूळ स्टेपनी १८५ आर १४ एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालगाडीचा टायर), ८ पीआर (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या मजबुतीचा आकडा). तारीख २०१९ ची, नक्षी जवळजवळ कोरी, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक रेषा. दुकानदारानं ती बाद ठरवली, एक्स्चेंजमध्ये किरकोळ रक्कम लावून ठेवून घेतली आणि बाजारभावापेक्षा हजारेक रुपये कमी घेऊन ‘कंपनीचा नवाकोरा’ टायर डिस्कवर, म्हणजे चाकाच्या लोखंडी रिमवर, चढवून दिला. बिल नाही, फक्त पॅडवरची चिठ्ठी. पुढे मागचं चाक बसलं तेव्हा ही स्टेपनी लावली आणि भरलेली गाडी एका अंगाला कलली. टायरवर लिहिलं होतं १८५/७० आर १४, ८८. म्हणजे कारचा टायर.

या लबाडीतली मेख अशी की पहिला आकडा १८५ जुळतो, शेवटचा १४ जुळतो आणि टायर त्याच डिस्कवर बसतोही. मधल्या ‘/७०’ कडे, म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ७० टक्के, कुणी बघत नाही. एलटीच्या जुन्या पद्धतीच्या मापात तिरकी रेघ नसते. तिथं टायरची उंची रुंदीच्या साधारण ८२ टक्के धरलेली असते. त्यामुळे १८५ आर १४ एलटीचं चाक सुमारे ६६ सेंटिमीटर व्यासाचं, तर १८५/७० आर १४ चं साडेएकसष्टच्या आसपास. मागच्या एक्सलवर एका बाजूला साडेचार सेंटिमीटर लहान चाक लावलं, की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या यंत्रणेचे) गिअर सतत फिरत राहतात. गाडी एका बाजूला ओढते ते वेगळंच.

खरा धोका मात्र वजनाचा. मापाच्या पुढे जो दोन-तीन आकडी भार-अंक असतो, तो किलो नव्हे, कोष्टकातला क्रमांक आहे. ८८ म्हणजे ५६० किलो, ९५ म्हणजे ६९०, १०० म्हणजे ८०० आणि १०२ म्हणजे ८५० किलो. ८ पीआरच्या १८५ आर १४ एलटीवर बहुतेक १०२/१०० असं असतं: एकेरी चाकाला ८५०, जोडचाकाला ८००. भरलेली गाडी अडीच टनांची धरा, त्यातले दीड टन मागच्या एक्सलवर, म्हणजे एका चाकावर ७५० किलो. एलटी टायरला ते झेपतं. कारच्या टायरवर हेच वजन १९० किलोनं जास्त होतं. शिवाय ड्रायव्हर सवयीप्रमाणे कारच्या टायरमध्येही ६५ पीएसआय हवा भरायला सांगतो, कारण एलटी टायर पूर्ण भार त्याच दाबावर पेलतो. कारच्या टायरच्या भिंतीवर कमाल दाब बहुधा ४४ किंवा ५१ पीएसआय छापलेला असतो. जास्त हवा भरली तरी धोका, कमी ठेवली तर भिंत चुरगळून तापते आणि टायर फाटतो.

दुकानदाराला दोन्हीकडून पैसे मिळतात. कारचा टायर स्वस्तात आलेला असतो, आणि तुमची ‘एक्स्पायर’ स्टेपनी काळं पॉलिश मारून दुसऱ्या पिकअपवाल्याला ‘थोडीच चाललेली’ म्हणून विकायला तयार असते.

म्हणून स्टेपनी बदलायची की नाही, हे दुकानात उभं राहून ठरवू नका. मोकळ्या वेळी घरी ती खाली उतरवा. स्टेपनी तारेनं वर-खाली करणाऱ्या विंचचा दांडा घालून तार हळूहळू सोडा. तार गंजून अडकली असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, भर पावसात हायवेवर कळण्यापेक्षा. टायर धुऊन दोन्ही भिंती वाचा. तारखेसह पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच भिंतीवर असतो आणि स्टेपनीत ती बाजू वर, चासीकडे गेलेली असते. लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधा: १४१९ म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. टायरवर एक्स्पायरी डेट अशी छापलेली नसते. ‘एक्स्पायर’ म्हणणाऱ्याला बोट ठेवून दाखवायला सांगा.

टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की पाच वर्षं वापरात झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि बनल्यापासून दहा वर्षांनी नक्षी कितीही चांगली असली तरी बदल, स्टेपनीसकट. मधल्या काळात टायर बघून ठरवायचं. पृष्ठभागावरच्या बारीक रेषा लगेच घाबरण्यासारख्या नाहीत. भेग वाकवल्यावर उघडून आत दोरा दिसत असेल, भिंतीला फुगा असेल, रिमला टेकणारी कड कापली गेली असेल किंवा तार बाहेर आली असेल, तर वय न बघता टाकून द्या. खोबणींच्या तळाशी असलेल्या आडव्या पट्ट्यांना नक्षी टेकली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, तरी टायर संपला. सहा-सात वर्षांची, पण धड स्टेपनी मागच्या चाकाला लावून सावकाश पुढच्या दुकानापर्यंत जायला हरकत नाही. पुढच्या चाकाला, भरलेल्या गाडीला ती नकोच. पुढचं पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढे घ्या आणि स्टेपनी मागे लावा. जॅक दोनदा लावावा लागतो, एवढाच त्रास.

हवेचंही तेच. स्टेपनीत मागच्या भरलेल्या चाकाइतका दाब ठेवा. गरज पडली तर कमी करता येतो, रस्त्यात वाढवता येत नाही.

बदलायचंच ठरलं, तर नवा टायर थेट स्टेपनीत घालणं हा पैसा टांगून ठेवण्याचा प्रकार आहे. नवा टायर जोडीनं चालत्या एक्सलवर घाला आणि उतरवलेल्यांतला धड टायर खाली लटकवा. अट एकच: माप आणि भार-अंक तोच हवा.

खरेदी करताना आणखी दोन फसवणुकी लक्षात ठेवा. पहिली, खोबण्या कापलेला टायर. झिजलेल्या टायरवर गरम पात्यानं नक्षी पुन्हा कोरतात. लांबून टायर नवा वाटतो, पण झिजेच्या आडव्या पट्ट्या कापून गेलेल्या असतात, खोबणीच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात आणि साच्यातून येणारे रबराचे केस कुठंच नसतात. दुसरी, खरवडलेली तारीख. बोट फिरवा: आजूबाजूची भिंत गुळगुळीत आणि आकड्यांभोवतीच खरखरीत, मळकट लागलं तर टायर घेऊ नका. रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला टायर, स्वतः गुन्हा नव्हे. रिमोल्ड म्हणून, रिमोल्डच्या भावात, मागच्या चाकासाठी सांगून विकला तर तो सरळ व्यवहार आहे. नवा म्हणून विकला तर फसवणूक, आणि ती बिलावरच पकडता येते. नव्या टायरचा एचएसएन कोड (जीएसटी बिलावरचा मालाच्या प्रकाराचा क्रमांक) ४०११ नं सुरू होतो, रिमोल्ड आणि वापरलेल्याचा ४०१२ नं. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर पूर्ण माप, भार-अंक आणि टायरचा सीरियल नंबर लिहून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल न घेतल्यानं ‘टॅक्स वाचेल’ म्हणणारा तुमचा पुरावा गायब करत असतो.

डिस्कवरही नजर ठेवा. टायर चढवताना चांगली डिस्क ठेवून वेल्डिंग मारलेली देतात. नटाची भोकं लांबट झालीत का, भोकांभोवती तडा आहे का, बघा. टायर दुकानात सोडून चहाला जाऊ नका.

जुनी गाडी घेताना एजंट नवीकोरी स्टेपनी दाखवतो आणि ताबा देताना दुसरीच लटकलेली असते, किंवा काहीच नसतं. वर सांगतो, “आता स्टेपनीची सक्ती नाही.” २०२० ची ती सवलत ट्यूबलेस टायर, दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या प्रवासी गाड्यांसाठी आहे. मालवाहू पिकअपला ती लागू होत नाही. सौद्याच्या दिवशीच पाचही टायरच्या कोडचे फोटो काढा आणि ते एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा.

फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तिथं समोरचा हमखास म्हणेल की गाडी व्यावसायिक आहे, हा ग्राहकच नव्हे. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला यातून स्पष्ट सूट आहे. स्वतः पिकअप चालवून घर चालवत असाल तर हे वाक्य अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा, सोबत परवाना, आरसी, बिल आणि टायरच्या भिंतीचा फोटो जोडा.