दिवाळे गावच्या होडीवर सोलर पॅनल: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बेलापूरच्या दिवाळे गावात आमची साधारण आठ मीटरची फायबरची होडी आहे. इंजिन हँडल मारून सुरू होणारं, डायनामो नाही. त्यामुळे बॅटरी घरी नेऊन चार्ज करायची, हेच वर्षानुवर्षं चाललं होतं. ओहोटीला गुडघाभर चिखलातून वीसेक किलोची बॅटरी खांद्यावर घेऊन जेट्टी गाठायची म्हणजे काय, ते खाडीतल्या माणसाला सांगायला नको. गेल्या दिवाळीनंतर १०० वॅटचं पॅनल बसवलं. उन्हाळा गेला, मासेमारी बंदी गेली, पावसाळाही निघाला. आता खात्रीने लिहितो.

बॅटरी जुनीच ठेवली, ७५ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते, त्याचं माप) लेड-ॲसिड. पॅनल, कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा), वायरी आणि फ्रेम मिळून खर्च नऊ हजारांच्या आसपास. रात्रीच्या फेरीत एलईडी दिवे, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र), जीपीएस आणि सगळ्यांचे मोबाईल मिळून अठरा-वीस अँपिअर-अवर जातात. कोरड्या दिवसांत ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत भरून निघतात. बॅटरी घरी न्यायचं काम संपलं.

कंट्रोलर घेताना दुकानात एमपीपीटीचा, म्हणजे पॅनलचं जास्तीचं व्होल्टेज वाया न घालवता चार्जिंगला वापरणाऱ्या महागड्या प्रकाराचा, आग्रह होतो. एकाच पॅनलला, आपल्या उकाड्यात, साधा, स्वस्त पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पुरतो असं माझं मत आहे. पॅनलवर छापलेले अठरा व्होल्ट २५ अंश तापमानाचे असतात. एप्रिलच्या दुपारी सेल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतात आणि तेच व्होल्टेज पंधरा-साडेपंधरावर उतरतं. बॅटरी भरायला १४.४ लागतात. मग एमपीपीटीने वाचवायला वर उरतं किती? तेच पैसे वायरीत घाला. आणि पॅनलखाली चार बोटं तरी मोकळी जागा सोडा, वारा खेळता राहिला की सेल कमी तापतात.

वायरीचं मात्र कळकळीने सांगतो. इलेक्ट्रिशियनने सुरुवातीला घरगुती वायर घातली होती. काही महिन्यांत चार्जिंग मंदावलं. जोडाजवळचं प्लॅस्टिक सोललं तर आतली तार वीतभर हिरवी-काळी पडलेली, बोटात धरली की भुगा होत होता. खारी हवा तारेच्या धाग्याधाग्यातून आत शिरते. आता टिनचा मुलामा दिलेली ६ स्क्वेअरची (६ चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर आहे, प्रत्येक जोडावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज. नट-बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्या. ते ॲल्युमिनियमच्या फ्रेमला थेट टेकू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजत जातं.

सावलीचा फरक मला स्वतःला पटायला कंट्रोलरच्या स्क्रीनसमोर बसावं लागलं. आकडा पाच अँपिअरजवळ होता. होडी प्रवाहाबरोबर हळूहळू फिरली, झेंड्याच्या बांबूची सावली पॅनलवर चढली आणि आकडा दोनवर आला. पॅनलमधले सगळे सेल एका माळेत असतात, एक झाकला की मागच्यापुढच्यांचा प्रवाहही अडतो. झेंडा आम्ही नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकावर) हलवला, वाळत टाकलेली जाळी त्या बाजूला ठेवणं बंद केलं. हिवाळ्यात कुरव पक्षी येऊन बसतात, त्यांच्या विष्ठेनेही तेच होतं. पॅनलच्या कडांवरून वीतभर उंचीवर तंगूस (मासेमारीची नायलॉनची बारीक दोरी) ताणून बांधली, तेव्हापासून बसणं बरंच कमी झालंय. काच पुसायला गोडं पाणीच वापरा.

आता पावसाळा. ‘ढगात सोलर काय कामाचं?’ हे मला जेट्टीवर सगळ्यांनी ऐकवलं होतं. माझ्या दृष्टीने पॅनलची खरी किंमत पावसाळ्यातच वसूल झाली. १ जून ते ३१ जुलै बंदी असते, पण आमची होडी खाडीतच नांगरलेली असते. आठ मीटरच्या होडीवर साधारण बारा चौरस मीटर जागेत पाऊस पडतो. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की १,२०० लिटर पाणी, म्हणजे सव्वा टन वजन आत. पूर्वी अशा रात्री बाबा आणि मी आळीपाळीने डबे घेऊन पाणी उपसायला जायचो, उधाणाची भरती असली तर जीव मुठीत धरून. आता तळाला तासाला हजार गॅलनचा पंप आणि पाणी चढलं की तो आपोआप सुरू करणारा फ्लोट स्विच आहे. पाणी वर चढवताना पंप तासाला अडीच हजार लिटर धरला, तरी तेवढं पाणी अर्ध्या तासात बाहेर जातं आणि खर्च होतात जेमतेम दोन अँपिअर-अवर. जुलैच्या दाट ढगातही पॅनल दिवसाला तीन-चार अँपिअर-अवर देतं. फेरी नाही, दिवे नाहीत, सगळी वीज पंपाला. संततधारेच्या आठवड्यातही बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली गेलेली मी पाहिली नाही. बाबा आता पावसाच्या रात्री घरी झोपतात, यापेक्षा मोठं मला काही नको होतं.

पंपाची वायर मात्र कंट्रोलरच्या ‘लोड’वर (दिवे वगैरे जोडायच्या जागेवर) घेऊ नका. व्होल्टेज उतरलं की कंट्रोलर लोड तोडतो, आणि नेमका तेव्हाच पंप हवा असतो. स्वतंत्र फ्यूज लावून थेट बॅटरीवर घ्या.

ज्यांना आइस बॉक्सची कूलिंग किंवा जाळी ओढायची विंच यावर चालवायची आहे, त्यांनी १०० वॅटवर अवलंबून राहू नये. लेड-ॲसिडचं पाणी उन्हाळ्यात महिन्याला बघावं लागतं. ही बॅटरी दमली की लिथियम आयर्न फॉस्फेट घ्यायचा विचार आहे. वजन निम्मं, पण त्यासाठी कंट्रोलरमध्ये लिथियमचं सेटिंग हवं, म्हणून नवीन घेणाऱ्यांनी ते आधीच बघून घ्या.