डेबियन २.० आणि १२८ एमबीचा स्वॅप: काही महिन्यांच्या वापरानंतर

पेंटियम एमएमएक्स २००, ३२ एमबी रॅम, दोन आयडीई डिस्क आणि त्यावर जुलै १९९८ मध्ये आलेलं डेबियन २.० (हॅम) हे लिनक्स, कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) २.०.३४. गेले काही महिने हे मशीन माझ्या रोजच्या कामात आहे. सी प्रोग्राम लिहितो, कंपाइल करतो, लेटेकमध्ये (दस्तऐवज मांडायचं सॉफ्टवेअर) कामं करतो. रॅम अपुरी पडली की तिच्यातला मजकूर डिस्कच्या ज्या भागात टाकला जातो, तो स्वॅप. जुन्या लिनक्समध्ये असा एक स्वॅप साधारण १२८ एमबीच्या पुढे जात नाही. या मर्यादेबद्दल लोक तक्रार करतात, पण मला ती एकदाही नडली नाही. स्वॅप कोणत्या डिस्कवर ठेवलाय, याने मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडला.

मर्यादा खरी आहे. ३०० एमबीचं पार्टिशन दिलं तरी बूट होताना कर्नल १३०७४८ केबीच दाखवतो. स्वॅपचा सगळा नकाशा पहिल्या एका पेजमध्ये (पेज म्हणजे मेमरीचा ठरावीक आकाराचा तुकडा) बसवलेला असतो, प्रत्येक पेजसाठी एक बिट. इंटेलवर पेज ४०९६ बाइटचं. त्यातले शेवटचे १० बाइट 'स्वॅप-स्पेस' या खुणेला जातात, उरतात ४०८६ बाइट, म्हणजे ३२६८८ बिट. एक पेज खुद्द नकाशाचं. एक पेज ४ केबीचं, म्हणून राहिलेल्या ३२६८७ ला चारने गुणा, आकडा तंतोतंत जुळतो. मला ही रचना मनापासून आवडते. डिस्कचा खराब भाग त्याच नकाशात वगळता येतो, आणि माझ्या जुन्या डिस्कला त्याची गरज होतीच. जास्त जागा हवी असेल तर असे आठ स्वॅप लावता येतात. ३२ एमबीच्या मशीनला आणखी किती लागणार?

एक्स (ग्राफिक्सची यंत्रणा), एफव्हीडब्ल्यूएम (विंडो मॅनेजर) आणि ईमॅक्स (एडिटर) एवढं ३२ एमबीत छान चालतं. सोबत ब्राउझर उघडला आणि मागे कर्नल कंपाइलला लावला, की डिस्क करकरायला लागते. अशा वेळी व्हीएमस्टॅट ही कमांड चालू ठेवा. तिच्यात 'एसआय' म्हणजे स्वॅपमधून रॅममध्ये येणारं, 'एसओ' म्हणजे रॅममधून स्वॅपमध्ये जाणारं. नुसता 'एसओ'चा रकाना हलत असेल तर काळजी नको, रिकामे बसलेले डेमन (मागे चालणारे प्रोग्राम) बाहेर जाताहेत. 'एसआय' आणि 'एसओ' दोन्ही सतत वर राहिले, की आत्ता बाहेर टाकलेलं पेज लगेच परत मागवलं जातंय. माझ्याकडे ही अवस्था आली तेव्हा स्वॅप अर्धासुद्धा भरलेला नव्हता! म्हणजे १२८ एमबीच्या कितीतरी आधीच मशीन हात टेकतं.

सुरुवातीला स्वॅप रूट पार्टिशनच्याच डिस्कवर, अगदी शेवटी होता. डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड सारखं या टोकाकडून त्या टोकाला. मग दोन्ही डिस्क वेगवेगळ्या आयडीई चॅनेलवर (म्हणजे वेगळ्या केबलवर) घेतल्या, प्रत्येकीवर एक स्वॅप केला आणि एफएसटॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये दोघांना एकच प्रायॉरिटी दिली. हे सांगितलं नाही तर कर्नल दुसऱ्याला खालचा क्रम देतो आणि पहिला भरेपर्यंत त्याला हात लावत नाही. प्रायॉरिटी सारखी असली की पेजेस आळीपाळीने दोन्हीकडे जातात. आता कंपाइल चालू असतानाही ईमॅक्समध्ये टाइप करता येतं. इतक्या छोट्या बदलाने एवढा फायदा मला दुसऱ्या कशातूनच मिळाला नाही.

रॅम वाढवणार असाल तर जरा थांबा. १२८ एमबी बसवली तर कर्नलला ६४ च दिसली, कारण तो ज्या जुन्या बायॉस कॉलने विचारतो त्याचं उत्तर १६ बिटांत, केबीमध्ये येतं, म्हणजे ६४ एमबीच्या पुढचा आकडा त्यात मावतच नाही. लिलोमध्ये (कर्नल सुरू करून देणारा बूट लोडर) 'मेम=१२८एम' लिहिल्यावर पूर्ण दिसली, पण कंपाइल उलट मंदावलं. माझ्या मदरबोर्डचा चिपसेट पहिल्या ६४ एमबीलाच एल२ कॅश (प्रोसेसरजवळची वेगवान मेमरी) देतो, त्या काळच्या बऱ्याच स्वस्त बोर्डांचं असंच आहे. शेवटी ६४ वर आलो, आणि आता स्वॅपला क्वचितच हात लागतो.

जानेवारी १९९९ च्या २.२ कर्नलसोबत नवा स्वॅप फॉरमॅट आला, त्यात एक स्वॅप २ जीबीपर्यंत जातो. तोही कर्नल मी टाकून पाहिला. २.२ ला जुना फॉरमॅट वाचता येतो, २.०.३४ ला नवा येत नाही. दोन्ही कर्नल आलटून पालटून बूट करायचे असतील तर स्वॅप जुन्याच फॉरमॅटमध्ये ठेवा.