शाळा समितीत जावं की पालक-शिक्षक संघात?

जून उजाडला की मला दोन निरोप येतात. झेडपीच्या मुख्याध्यापकांचा फोन, "ताई, एकच जागा भरायची राहिलीय, नाही म्हणू नका." आणि खासगी शाळेच्या ग्रुपवर सूचना, पालक-शिक्षक संघासाठी इच्छुकांनी नावं द्यावीत. धाकटा इकडे, थोरली तिकडे, त्यामुळे दोन्हीकडच्या खुर्च्या माहीत आहेत.

झेडपीतली शाळा व्यवस्थापन समिती 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने आलेली. पंचाहत्तर टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव. शाळा विकास आराखडा करायचा, अनुदान कुठे खर्च झालं ते बघायचं. एवढा अधिकार असून माणसं का मिळत नाहीत? बैठक सकाळी अकराला. सोयाबीनच्या काढणीत रोजावर जाणारी आई खाडा करून येईल कशाला? बैठकीचा भत्ता तर नाहीच. मग महिला सदस्याच्या जागी तिचा नवरा येऊन बसतो, नाहीतर इतिवृत्ताचं रजिस्टरच घरोघर फिरतं. माझ्याकडे आलं तेव्हा मी गोठ्यात होते. हात पुसून पान उघडलं, तर मी हजर नसलेल्या बैठकीतला ठराव, सूचक म्हणून माझंच नाव! सही केली नाही. पुढची बैठक मात्र संध्याकाळी सातला ठेवली, आणि तिला नऊ जण आले.

अनुदानित शाळेतल्या समितीची भूमिका 2012 च्या दुरुस्तीपासून फक्त सल्ल्यापुरती आहे. तिथून बोलावणं आलं तर तेवढं धरून चला.

खासगी विनाअनुदानित शाळेला ही समिती लागू नाही. तिथे 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याखालची पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते. अध्यक्ष प्राचार्य, उपाध्यक्ष पालक. इच्छुक जास्त असले तर चिठ्ठ्या टाकतात, म्हणजे तुमची निवड नशिबावर. बहुतेक जण स्नेहसंमेलनाच्या खाऊवर बोलतात, पण खरी मेख फीमध्ये आहे. व्यवस्थापनाचा प्रस्ताव शैक्षणिक वर्षाच्या सहा महिने आधी समितीपुढे यायला हवा, आणि ठरलेली फी दोन वर्षं बांधील राहते. आमच्याकडे हा प्रस्ताव आला तोच बैठक संपता संपता, चहाबरोबर. हिशेबाची पानं घरी नेऊ द्या म्हटल्यावर चेहरे उतरले. मुलीवर राग निघेल या भीतीने बरेच पालक इथे गप्प बसतात. त्यांना दोष देणार नाही, मीही पहिल्या वर्षी गप्पच होते.

महिन्यातून एक संध्याकाळ मोकळी असेल आणि मूल झेडपीत असेल, तर समितीत जा. तिथे एक माणूस जागा राहिला तरी फरक पडतो. फीचा आकडा वाचता येत असेल तरच संघात नाव द्या, फोटोसाठी देऊ नका.

होकार देण्याआधी मात्र मुख्याध्यापकांना विचारा, बैठक किती वाजता असते?